पोस्टनंतरचे काम

2021 च्या दिवाळीनंतर मी मराठवाड्यातील एका छोट्या संस्थेत समाजमाध्यमांचे काम पाहू लागलो. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर गावातच राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाला ही संस्था मदत करत असे. पहिल्याच आठवड्यात मी चुलीपुढे बसलेल्या एका मुलीचा फोटो टाकला. तो भरपूर फिरला आणि मुकादमाच्या फोनवरून उसाच्या फडात तिच्या वडिलांपर्यंतही पोहोचला. ‘आम्ही भीक मागितली का?’ एवढेच त्यांनी विचारले. तेव्हापासून आईवडिलांना आधी मजकूर वाचून दाखवल्याशिवाय मी फोटो लावलेला नाही.

नवख्यांना वाटते, आवाहन लोकप्रिय झाले की निधी जमला. प्रत्यक्षात खरी दगदग तिथून पुढे सुरू होते. यूपीआयने आलेल्या रकमेसोबत बहुतेक वेळा फक्त नाव दिसते. मात्र 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 80जीची, म्हणजे देणगीवरची करसवलत देणगीदाराला मिळावी, तर त्याचा पॅन क्रमांक घेऊन संस्थेला फॉर्म 10बीडी, म्हणजे मिळालेल्या देणग्यांचे विवरण, भरावे लागे आणि त्यानंतरच देणगीदाराला 10बीई हे देणगीचे प्रमाणपत्र देता येई. ही पद्धत 2021-22 पासूनच्या देणग्यांना लागू झाली आणि 31 मे 2022 ची मुदत गाठण्यासाठी मी महिनाभर लोकांना फोन करत होतो. आमच्या लेखापालांनी माझ्या लाइक्सकडे कधी ढुंकूनही पाहिले नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

परदेशातल्या गाववाल्यांबाबत अधिक सावध राहावे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय ठरत नाही. परंतु तिने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांविषयीच्या कायद्याखालची नोंदणी आणि त्यासाठीचे नवी दिल्लीतील स्टेट बँकेचे खाते लागते. आमच्याकडे ती नोंदणी नव्हती, म्हणून एका जुन्या विद्यार्थ्याची मोठी रक्कम आम्ही नाकारली.

वसतिगृहाचे अनुदान रखडले, तेव्हा मी अधिकाऱ्यांना टॅग करून आठ दिवस लिहीत राहिलो. उत्तर आले नाही. मग शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनी लेखी अर्ज दिला आणि आवक क्रमांकाचा शिक्का असलेली त्याची प्रत, खासगी तपशील झाकून, मी पोस्ट केली. दुसऱ्याच दिवशी कार्यालयातून मुख्याध्यापकांना फोन आला.