कमी पैशात गेमिंग सुरू करायचंय? जुन्या पीएस फोरपासून प्रेमकथांच्या व्हिज्युअल नॉव्हेलपर्यंत सगळं सांगते

गेमिंग म्हणजे लाखभराचा पीसी नाहीतर सोनीचा नवाकोरा पीएस फाइव्ह, म्हणजे प्लेस्टेशन फाइव्ह, असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि त्यापायी कित्येक जण सुरूच करत नाहीत, किंवा मग ईएमआयवर एकदम मोठं काहीतरी घेऊन बसतात आणि ते महिन्याभरात टीव्हीखाली धूळ खायला लागतं. पीएस फाइव्ह २०२१ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे आला तेव्हाच डिस्कवाला ४९,९९० ला होता, वर गेम वेगळे. एवढं काही लागत नाही हो. घरात चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असेल तर आज रात्री जेवणं उरकली की सुरुवात होते, आणि माझं स्पष्ट मत आहे की ती कथेच्या गेमनेच करावी, त्यातही प्रेमकथेच्या. पण सगळे आधी कन्सोलचंच, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या डब्याचंच, विचारतात, म्हणून ते आधी उरकून घेऊ.

काहीही घ्यायच्या आधी एक गोष्ट ठरवा, कोणाबरोबर आणि केव्हा खेळणार. रविवारी भावंडं जमतात, टेककेनसारखा मारामारीचा गेम लावून आरडाओरडा करायचाय, तर टीव्हीला लावायचा कन्सोल हवा. ऑफिसवरून आल्यावर एकटीने तासभर शांत खेळायचंय तर लॅपटॉप पुरतो. लोकलमध्ये किंवा एसटीत खेळायचंय तर फोन नाहीतर हातात धरायचं यंत्र. हे न ठरवता घेतलेली वस्तू हमखास पडून राहते. आणि जमलं तर आधी गावातल्या गेमिंग पार्लरमध्ये तासाचे पैसे देऊन कंट्रोलर हातात धरून बघा, दोन्ही अंगठ्यांनी दोन वेगळ्या स्टिक फिरवायच्या, एकाने चालायचं आणि दुसऱ्याने नजर वळवायची, हे सगळ्यांनाच लगेच आवडतं असं नाही.

ऑनलाइन हजार-दोन हजारात ‘दहा हजार गेम’ वाली स्टिक मिळते ना, ती घेऊ नका. त्यात तेच तेच गेम नावं बदलून भरलेले असतात, बटण दाबल्यावर माणूस उडी जरा उशिराच मारतो, आणि ते सगळे गेम उचललेले असतात, बनवणाऱ्याला त्यातला एक पैसा मिळत नाही. लहानपणी कॅसेट फुंकून कॉन्ट्रा खेळलेल्यांना मोह होणार हे मला कळतं, तरीही नको.

कमी बजेटचा खरा कन्सोल माझ्या मते अजूनही वापरलेला पीएस फोर, त्यातही २०१६ चा स्लिम. कारण एकच, डिस्क. डिस्क जुनी घ्यायची, खेळून झाली की विकायची किंवा बदलून घ्यायची, म्हणजे एकाच पैशात चार-पाच गेम होतात. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सीरीज एस पण चांगला आहे, नवा मिळतो, लहानसा आहे, पण त्याला डिस्कची फटच नाही, त्यामुळे सगळं डाउनलोड, आणि ५१२ जीबीवाल्यात गेमसाठी खरी जागा साधारण ३६४ जीबीच मिळते. घरी फायबरचं इंटरनेट असेल आणि महिन्याची मेंबरशिप परवडत असेल तर तो घ्या, हॉटस्पॉटवर भागवणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, मोठे गेम पन्नास-पन्नास, शंभर-शंभर जीबीचे असतात आणि रोजच्या दोन जीबीत ते कधी उतरायचे. निन्टेंडो स्विच कंपनीने भारतात अधिकृतपणे आणलाच नाही, जो मिळतो तो बाहेरून आलेला, म्हणजे वॉरंटीच्या नावाने शंख. स्विच लाइट स्वस्त असतो पण तो टीव्हीला लागत नाही हे दुकानदार सांगेलच असं नाही.

आता वापरलेला पीएस फोर बघायला गेलात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला म्हणा किंवा कोणाच्या घरी, तर घाई करायची नाही. चालू करायला सांगा आणि एखादा जड गेम पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला तर आत धूळ भरलीय किंवा चिपची उष्णता बाहेर काढणारी पेस्ट वाळलीय, साफ करून मिळते पण तेवढे पैसे कमी करून घ्या. डिस्क आत टाका, बाहेर काढा, परत टाका. टीव्हीला जोडणारी एचडीएमआयची वायर हलकेच हलवून बघा, चित्र गेलं तर ते पोर्ट सैल झालंय, उठा तिथून. मग मेन्यू उघडा ठेवून कंट्रोलर टेबलावर ठेवा, हात न लावता निवड आपोआप सरकायला लागली तर स्टिकला ड्रिफ्ट आहे. शेवटी समोरच्याला त्याचं अकाउंट काढून पूर्ण रीसेट मारायला लावा आणि तुमचं अकाउंट तिथेच, त्याच्यासमोर टाकून बघा. ऑनलाइन जात नसेल तर काहीही कारण सांगू दे, घेऊ नका. ‘जेलब्रेक केलाय, पन्नास गेम फुकट भरून देतो’ असं म्हणणारे भेटतात, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून चोरीचे गेम चालवायचे, तो कन्सोल ऑनलाइन नेलात की बॅन व्हायचा धोका, अपडेट पण करता येत नाही.

पीएस फोर घेतलात की त्याची हार्डडिस्क बदला, एवढं एक काम कराच. आत लॅपटॉपला असते तशीच अडीच इंची साटा डिस्क असते, त्या जागी साधी साटा एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसते आणि लोडिंगला लागणारा वेळ बराच कमी होतो. सोनीने स्वतःच ती बदलायची सोय ठेवलीय. स्लिमच्या मागच्या कोपऱ्यावर एक छोटं झाकण आहे, ते सरकवलं की एकच स्क्रू, तो काढला की ट्रे बाहेर येतो. आधी तुमचे सेव्ह, म्हणजे गेम कुठवर आला त्याच्या नोंदी, पेनड्राइव्हवर घ्या. मग दुसऱ्या पेनड्राइव्हला फॅट३२ फॉरमॅट मारून सोनीच्या साइटवरून सिस्टिम सॉफ्टवेअर उतरवा, साधी अपडेटची फाइल नाही, रीइन्स्टॉलची, ती आकाराने मोठी असते, आणि बरेच जण इथेच अडकतात. फोल्डरची नावं साइटवर दिलीत तशीच ठेवा, सगळी कॅपिटलमध्ये. नवी डिस्क बसवल्यावर पॉवरचं बटण दुसरी बीप येईपर्यंत दाबून धरायचं, कंट्रोलर वायरनेच जोडायचा, आणि मेन्यूत सातवा पर्याय. झालं काम.

आमच्याकडे तालुक्याला लाइट कधीही जाते, तशी तुमच्याकडे जात असेल तर एक छोटा यूपीएस घ्या आणि कन्सोल रेस्ट मोडमध्ये, म्हणजे अर्धवट चालू, ठेवून झोपू नका, पूर्ण बंद करा. सेव्ह होत असताना लाइट गेली तर सेव्हच बिघडतो आणि मग तीस तासांच्या मेहनतीवर पाणी.

नवरा-बायकोने किंवा जोडीने खेळायचं असेल तर ‘इट टेक्स टू’ घ्या. २०२१ चा आहे, त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर ठरला, पीएस फोरवर चालतो आणि एकट्याला खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं जोडपं बाहुल्या होऊन जातं आणि दोघांनी मिळून काम केल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही, एकाकडे खिळे दुसरीकडे हातोडी, असं. दोघांपैकी एकाला सवय नसेल तर सवय असलेल्याने कंट्रोलर हिसकावून ‘थांब मी करून देतो’ म्हणायचं नाही. पडू द्या, लगेच परत जिवंत होता येतं.

बरं, आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे चित्र, संगीत, कधी आवाज, आणि खाली येत जाणारा मजकूर, तुम्ही वाचत जायचं आणि मध्ये मध्ये काय बोलायचं, कोणाबरोबर जायचं ते निवडायचं, त्यावर गोष्ट वळते. नेमबाजी नाही, घाई नाही, बोटं चपळ असायची गरज नाही. जपानमध्ये हा मोठा प्रकार आहे, नायिका तुम्ही आणि भोवती नायक अशा गेमना ओतोमे म्हणतात, त्यातला पहिला ‘अँजेलिक’ कोएई कंपनीच्या मुलींच्याच टीमने १९९४ मध्ये काढला. ‘हा काय गेम, नुसतं वाचायचं’ असं कोणी म्हटलं तर म्हणू द्या. ज्याने रात्र जागून कादंबरी संपवलीय त्याला यातली मजा पहिल्या तासात कळते.

सुरुवात कशाने करायची तर ‘फ्लॉरेन्स’ने. मेलबर्नच्या माउंटन्स स्टुडिओने २०१८ च्या व्हॅलेंटाइन डेला काढला, फोनवर चालतो, पाऊण तासात संपतो, शब्द अगदी मोजके त्यामुळे इंग्रजीची धास्ती नको. पंचवीस वर्षांची फ्लॉरेन्स आणि चेलो वाजवणारा क्रिश, तो भारतीय वंशाचा आहे. पहिल्या भेटीत तिला बोलायला सुचत नाही तेव्हा तिच्या बोलण्याचा फुगा तुम्हाला तुकडे जुळवून पूर्ण करावा लागतो, ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात, शेवटी एक-दोनच उरतात, बोलणं सहज व्हायला लागलेलं असतं. आणि भांडण सुरू झालं की तेच तुकडे टोकदार होतात आणि भराभर लावावे लागतात. एक वाक्य न लिहिता नातं कसं सांगावं ते इथे बघा. तो तिच्या घरी राहायला येतो तेव्हा फळीवरच्या तिच्या कुठल्या वस्तू काढून त्याच्या ठेवायच्या ते तुम्हाला ठरवायला लागतं, मी तिथे बराच वेळ बोट स्क्रीनवर ठेवून बसले होते.

त्यानंतर ‘वेन्बा’, २०२३ चा, टोरंटोच्या विसाई गेम्सचा. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईच्या फाटक्या वहीतल्या पाककृती जुळवायच्या, पहिलाच प्रश्न इडलीपात्रात ताटल्या कशा रचायच्या. आपल्याला ते चटकन येतं आणि त्याचा वेगळाच आनंद होतो. परदेशात मुलं वाढवणाऱ्या मराठी घरांना तर यातला मुलगा ओळखीचा वाटेल.

मग लॅपटॉपवर या. ‘कातावा शोजो’ फुकट आहे, जानेवारी २०१२ मध्ये आला, अपंग मुलामुलींच्या शाळेतली प्रेमकथा, एकेक मुलीचा वेगळा रस्ता, मोठ्यांसाठीची दृश्यं आहेत पण सेटिंगमधून बंद करता येतात. ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ही फुकट आहे, सप्टेंबर २०१७ चा, आणि चित्रं बघून गोड प्रेमकथा वाटते पण ती भयकथा आहे, आत्महत्येचे आणि स्वतःला इजा करण्याचे प्रसंग आहेत. सुरुवातीलाच सूचना येते, ती नुसती क्लिक करून पुढे जाऊ नका. लहान मुलांना अजिबात देऊ नका, आणि मन खचलेलं असेल त्या दिवसांत तुम्हीही नको. ‘मिस्टिक मेसेंजर’ फोनवर फुकट मिळतो, कोरियन आहे, गोष्ट पात्रांबरोबरच्या चॅटमधून उलगडते, खऱ्या घड्याळाप्रमाणे अकरा दिवस चालते आणि चॅट रात्री उशिरा, पहाटेसुद्धा उघडतात. सकाळची शिफ्ट असणाऱ्यांनी सुट्टीतच सुरू करावा, नाहीतर हुकलेल्या चॅटसाठी पैसे घालायचा मोह होतो.

गेम किती लांब आहे ते आधी व्हीएनडीबी या साइटवर बघा, तिथे दोन तासांच्या आतले अगदी छोटे, दहा तासांपर्यंतचे छोटे, आणि पन्नासच्या वरचे अगदी लांब असे वर्ग केलेत. सुरुवात दोन तासांच्या आतल्यांनी करा, पन्नास तासांचं इंग्रजी एकदम अंगावर घेतलं तर दमछाक होते. छोट्या निर्मात्यांचे गेम मिळतात त्या इच.आयओ साइटवर ढीगभर फुकट किंवा ‘वाटेल ते द्या’ भावात मिळतात. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात भाव रुपयांत असतात, जूनच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या शेवटी मोठे सेल लागतात, आणि घेतल्यापासून १४ दिवसांत व दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. छोट्या व्हिज्युअल नॉव्हेलच्या बाबतीत मात्र दोन तासांत अख्खा गेम संपवून पैसे परत मागू नका, एक-दोन माणसांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं असतं ते.

खेळताना पहिली फेरी गाइड न बघता, तुम्हाला जे वाटेल ते निवडत करा, वाईट शेवट आला तरी येऊ द्या. फक्त प्रत्येक निवडीच्या आधी नव्या जागी सेव्ह करा, जुन्यावर नाही. दुसऱ्या फेरीत कंट्रोल दाबून धरलं की वाचलेला मजकूर भर्रकन पुढे जातो आणि नवं आलं की थांबतो, सेटिंगमध्ये ‘न वाचलेलंही गाळा’ हे बंद ठेवा म्हणजे झालं. चुकून पुढे गेलात तर माउसचं चाक वर फिरवा. एच दाबलं की मजकूर लपतो आणि चित्र नीट बघता येतं. डोळे दमले असतील तर व्ही दाबा, लॅपटॉप मोठ्याने वाचून दाखवतो. ही बटणं रेनपाय नावाच्या इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, केलेल्या बहुतेक गेमना चालतात, वरचे लॅपटॉपवाले दोन्ही, ‘कातावा शोजो’ आणि ‘डोकी डोकी’, त्यावरच झालेत.

आणि ते रेनपाय फुकट आहे, २००४ पासून आहे, आणि त्यात मराठी व्हिज्युअल नॉव्हेल करता येते, हे मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी जमतं, नाटकाच्या संहितेसारखं पात्राचं नाव आणि पुढे संवाद लिहीत जायचं, निवड हवी तिथे मेन्यू टाकायचा. नवीच आवृत्ती उतरवा, तिच्यात जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसतात. मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही त्यामुळे नुसते चौकोन दिसतील, घाबरू नका, मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ फॉन्ट फुकट मिळतो, ती फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाका आणि जीयूआयच्या फाइलमध्ये (gui.rpy) मजकुराच्या फॉन्टचं नाव बदला. पहिल्यांदा दहा मिनिटांचंच करा, दोन पात्रं, एक जागा, दोन शेवट. पार्श्वभूमीला फोनवर काढलेले फोटो चालतात, सारसबाग असो की रंकाळा. झालं की इच.आयओवर फुकट टाका आणि भाषेच्या रकान्यात मराठी निवडायला विसरू नका.