मॉनिटर नीट लावायचा कसा

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की आमच्या वॉर्डात पेशंटचे ठोके, श्वास, ऑक्सिजन दाखवणाऱ्या मॉनिटरचे कितीतरी अलार्म नुसत्या घामाने वाजतात. छातीवर चिकटवलेला, ठोके टिपणारा इलेक्ट्रोड सुटतो, पडद्यावरची रेघ सपाट होते आणि नातेवाइकांच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून नव्या सिस्टरना मी आधी छाती पुसायला शिकवते. घाम, तेल गॉजने पुसा, कातडी कोरडी करा, मगच इलेक्ट्रोड चिकटवा. श्वासही याच इलेक्ट्रोडवरून मोजला जातो, ते ढिले असतील तर तोही आकडा चुकतो.

ऑक्सिजनचा प्रोब, म्हणजे बोटाला लावायचा चिमटा, बीपीचा पट्टा असलेल्या हाताला नको. पट्टा फुगला की बोटाकडचं रक्त अडतं, आकडा उगाच खाली येतो. नेलपॉलिश काढा. बोटं गार असतील तर हात चादरीत गुंडाळून ऊब द्या.

अलार्मच्या मर्यादा डॉक्टरांना विचारून पेशंटगणिक लावा. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या, आजोबांना बहुतेकदा ८८ ते ९२ टक्के ऑक्सिजन पुरतो. तिथे खालची मर्यादा ९४ ठेवली तर अलार्म रात्रभर बोंबलेल. असाच वैतागून मी एकदा आवाज बंद केला होता. शेजारच्याच खाटेवर मंगळवेढ्याच्या एका मावशी. आवाजच बंद, म्हणून त्यांचा श्वास मिनिटाला ३२ वर गेलेला मला फेरीला गेल्यावर कळला. मावशी वाचल्या, पण अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

श्वास स्वतःही मोजा, छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाचा १२ ते २० असतो. अलार्म वाजला की आधी पेशंटला हाक मारा, हात लावा, वायर नंतर बघा.