आधी दात बघा, मग रंग

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी रंग बघत नाही. ओठ वर करून दात बघतो, पाय उचलून खूर बघतो, चालवून बघतो आणि मग भावाचं बोलतो. मी पहिली येझदी मोटारसायकल घेतली तेव्हा नेमकं उलटं केलं. अमळनेरजवळच्या एका गोठ्यात ती कडब्याखाली पडलेली होती. टाकीवरची लाली पाहिली आणि पैसे मोजून मोकळा झालो. टेम्पोतून उतरवताना आजी दारातच उभी. "हाई भंगार कसाले लई उना रे?"

इंजिन आठ महिन्यांत बोलू लागलं. बाकीचा वेळ गेला कागदांत. मूळ मालक वारलेला, वारस तिघं, त्यातला एक सुरतेला कामाला. गाडी नावावर करायला मालक हयात असेल तर आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० वर काम भागतं; वारला असेल तर ३१ लागतो आणि सगळ्या वारसांची मनं वळवावी लागतात. म्हणून नव्याने या नादाला लागणाऱ्यांनो, आधी चेसिस नंबरावर रॉकेलचा बोळा फिरवा, तो आरसी बुकाशी ताडून बघा आणि मगच भावाला हात घाला. गाडी पन्नास वर्षांच्या पुढची असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, ती दहा वर्षं चालते. पण मग ती रोज बाजाराला न्यायची नाही आणि मूळ ढाचा बदललेलाही चालत नाही. शर्यतीसाठी चेसिस कापायचा विचार असेल, तर जुनी दुर्मिळ गाडी त्या पापात ओढू नका. यामाहा आरएक्स १०० सारखी, भरपूर निघालेली गाडी घ्या.

आणखी एक. गाडी पूर्ण घ्या, भले दोन पैसे जास्त जावोत. पिस्टन मिळतो, रिंगा मिळतात. हेडलाइटची मूळ रिंग आणि टूलबॉक्सचं झाकण शोधताना जीव जातो. येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ ला बंद झाला; तेव्हापासून मूळ सुटे भाग म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावरचा डबा. बोअरिंगच्या, म्हणजे झिजलेला सिलिंडर कोरून घ्यायच्या, कामाला मी धुळ्याला जातो. तिथे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकवाल्यांच्या जिवावर लेथवाल्यांचे हात तयार झालेत.

आता इंजिन, कारण खरी शाळा इथे आहे. रिबोअर करून नवा पिस्टन टाकला आणि मे महिन्याच्या दुपारी पारोळा रोडला पूर्ण ॲक्सिलरेटर पिळला. अंगावर ४४-४५ डिग्रीची झळ. एकदम इंजिनाचा आवाज दबला आणि मागचं चाक करकचून थांबलं. हात आपसूक क्लचवर गेला म्हणून वाचलो. टू-स्ट्रोक चालवताना दोन बोटं कायम क्लचवर का ठेवायची, ते त्या दिवशी कळलं. टू-स्ट्रोकला पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागतं, आणि मी शपथेवर सांगत होतो की ते बरोबर होतं. आमच्या मेकॅनिक उस्तादांनी पिस्टनवरचे उभे ओरखडे बघितले, डायनॅमोच्या बाजूचं क्रँकचं सील बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "भो, तेल नाही. हवा लागली हिला."

त्या बाजूचं सील कडक झालं की क्रँककेसमध्ये बाहेरची हवा शिरते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून अडकतो. दुसऱ्या बाजूचं, म्हणजे प्रायमरी चेनकडचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं तेल ओढलं जातं आणि धूर निघतो. दोन सीलं, दोन वेगळे रोग. इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही बदला. मी त्या वेळी कंजूसपणा करून एकच बदललं, त्याबद्दल पुढे. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावायला उस्ताद सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचे. कागद सुटला की पॉइंट उघडला, ठिणगी तेव्हाच पडते. रिबोअरनंतर निदान ५०० किलोमीटर सबुरीने चालवा. हे मला कुणी सांगितलं नाही असं नाही, मी ऐकलं नाही.

शर्यतीचं थोडक्यात. रस्त्यावर नाही, कधीच नाही. कापूस उपटलेल्या काळ्या रानात आम्ही ड्रम रोवून वळणं शिकलो. तिथली धूळ मात्र एअर फिल्टरमधून घुसून रिंगा खाते, म्हणून दर दोन फेऱ्यांनी फिल्टर धुवा. मान्यताप्राप्त डर्ट रेसला एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेचं, लायसन्स लागतं. पहिल्या तपासणीतच माझी गाडी बाजूला काढली, कारण ॲक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप मागे येत नव्हता. वीस रुपयांची केबल. दुसऱ्या वेळी उतरलो आणि शेवटून दुसरा आलो.

कागद माझ्या नावावर झाले त्या रविवारी आजीला मागे बसवून मारवडच्या रस्त्याने फिरवून आणलं. घट्ट धरून बसली होती, बोलली काहीच नाही. घराशी उतरली, मागे वळून सायलेन्सरकडे बघितलं आणि म्हणाली, "इतला धूर कसाले रे?"

संध्याकाळी गिअरबॉक्सचं तेल मोजलं. कमी भरलं.