पाळीव प्राण्यांच्या घरात खाद्यकीटक निसटले तर

सरड्यासाठी किंवा गेको या पाळीव पालीसाठी खाद्य म्हणून आणलेला रातकिड्यांचा डबा हातातून सुटला, की बहुतेकांचा हात आधी कीटकनाशकाच्या फवाऱ्याकडे जातो, आणि नेमका तोच आवरायला हवा. फवारा बसलेला रातकिडा तत्काळ मरतोच असे नाही. तो अर्धमेल्या अवस्थेत मांजराच्या पंजाखाली किंवा थेट सरड्याच्या काचपेटीत जाऊन पडतो. घरगुती फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड वर्गातील रसायने सर्रास असतात. त्यांपैकी परमेथ्रिन मांजरांना विषारी आहे, आणि माशांना तर या वर्गातील रसायनांचा अत्यल्प अंशही घातक ठरतो. चिकट सापळेही मोकळ्या फिरणाऱ्या लहान प्राण्यांच्या आवाक्यात ठेवू नयेत. एखादा प्राणी अडकलाच, तर त्याला न ओढता चिकटलेल्या भागावर खाद्यतेल चोळून सावकाश सोडवावे.

आधी मांजर किंवा कुत्रा दुसऱ्या खोलीत न्यावा, दार लावून खालच्या फटीत टॉवेल दाबावा आणि उघड्यावर दिसतील तेवढे कीटक पेला उपडा घालून, खालून जाड कागद सरकवून उचलावेत. उरलेल्यांच्या मागे धावण्यात अर्थ नसतो, त्यांना आपल्याकडे यायला लावावे. रातकिड्याला अंधार, ऊब आणि ओलावा लागतो. म्हणून दिवे मालवल्यानंतर उंच, गुळगुळीत काचेची बरणी भिंतीलगत ठेवावी, तळाशी गाजराची चकती आणि अंड्यांच्या ट्रेचा एक तुकडा टाकावा, आतल्या कडेला दोन बोटे रुंद व्हॅसलिनचा पट्टा फिरवावा आणि बाहेरच्या बाजूने खरखरीत पुठ्ठ्याची उतरण टेकवावी. सकाळी कीटक त्या तुकड्याच्या खाचांत दडलेले सापडतात. पाळीव प्राणी असलेल्या घरात याहून चांगला सापळा मला तरी माहीत नाही.

किरकिर करतो तो नर, आणि पाऊल वाजताच तो गप्प होतो. अशा वेळी दोघांनी खोलीच्या दोन कोपऱ्यांत निश्चल उभे राहावे, आवाज पुन्हा सुरू झाला की प्रत्येकाने तो येतो त्या दिशेला बोट दाखवावे आणि दोन्ही रेषा जिथे मिळतात तिथे टॉर्च मारावा. मादी मात्र मुकी असते. तिच्या शेपटीकडे सुईसारखी लांब नळी दिसते. त्या नळीने ती ओलसर मातीत अंडी घालते, म्हणून घरातल्या कुंड्यांची वरची माती काही दिवस कोरडी ठेवावी.

खाद्य म्हणूनच आणल्या जाणाऱ्या दुबिया झुरळांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. गुळगुळीत काचेवर त्यांना चढता येत नाही आणि प्रजननासाठी बरीच ऊब लागत असल्याने साधारण तापमानाच्या खोलीत ती सहसा बस्तान बसवत नाहीत. फ्रिजच्या मागे किंवा काचपेटीच्या हीटरखाली शोधावीत. तपकिरी, चपळ ‘रेड रनर’ झुरळ मात्र अंड्यांच्या कुप्या टाकत फिरते, त्यामुळे त्याचा शोध अर्धवट सोडू नये. मीलवर्म म्हणजे एका भुंगेऱ्याची अळी. ती धान्यात आणि पिठात वाढते, म्हणून तिथले डबे घट्ट झाकावेत.

मांजराने किंवा कुत्र्याने एखादा रातकिडा मटकावला, तर सहसा काही बिघडत नाही. तरीही रातकिडे आणि झुरळे यांच्यामार्फत फायसालोप्टेरा हा जठरातील कृमी पोटात जाऊ शकतो. पुढे वारंवार उलट्या होऊ लागल्यास पशुवैद्यांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. घरभर भटकून आलेला कीटक पुन्हा सरड्याला घालू नये, कारण त्याने वाटेत काय खाल्ले हे कळायला मार्ग नसतो. काचपेटीत न खाल्लेले रातकिडेही रात्रभर सोडू नयेत, ते झोपलेल्या सरड्याला कुरतडतात.

पुढच्या वेळी डबा उघडण्याआधी काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे रातकिडे मंदावतात, आणि तो खोल, गुळगुळीत टबात ठेवून उघडावा. झाकणाला प्लास्टिकची जाळी असल्यास ती काढून बारीक पोलादी जाळी बसवावी. प्लास्टिक ते कुरतडतात. किरकिर थांबली म्हणून बरणी मात्र लगेच उचलू नये: उबेत अंडी फुटायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस गाजराची चकती बदलत राहावे.