अनोळखी पाहुण्यांत हशा कसा पिकवाल?
हुरड्याच्या आगटीभोवती सगळे गोल बसतात, पण निम्मे एकमेकांना ओळखतच नाहीत. अशा वेळी लांबलचक किस्सा सुरू करू नका. त्याचा शेवट येईपर्यंत कणसं करपतात. दोन वाक्यांची कोटी पुरे, आणि टोमणा स्वतःलाच.

परभणीकरानं गंभीर चेहऱ्यानं म्हणावं, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी. जर्मनीहून कुणी आलंय का?’ लातूरकराकडे तर हुकमी माल आहे: ‘२०१६ला आमचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं. मला आज एसटीत उभं राहून यावं लागलं!’ हेच दुसऱ्या गावचा बोलला तर मात्र चिडवल्यासारखं लागतं, म्हणून ज्याचं गाव त्यानंच बोलावं.

बोलून झाल्यावर आधी आपणच हसायचं नाही. क्षणभर थांबा आणि शेजारच्याला विचारा, ‘तुमचं गाव कोणतं, पाहुणे?’ खरं काम हा प्रश्न करतो. कोटी नुसतं निमित्त. कुणाचं वजन, रंग, न जमलेलं लग्न यांच्या वाटेला जाऊ नका. जावयाच्या तर अजिबातच नाही.

आणि कुणी हसलंच नाही तर? विनोद समजावत बसू नका, शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवा.