पारोल: फिलिपिनो तारा-कंदील घरी कसा बांधायचा

जर्सी सिटीत आमच्या गल्लीच्या टोकाला चर्चचं तळघर आहे. नोव्हेंबरातल्या शनिवारी तिथे फिलिपिनो मंडळाची माणसं बांबूच्या कामट्या घेऊन बसतात. शेजारच्या नर्सबाईंनी मला पहिल्यांदा तिथे नेलं. सगळे त्यांना ‘आते’ म्हणतात. फिलिपिन्सच्या तगालोग भाषेत आते म्हणजे थोरली बहीण, पण माझ्या कानाला ती आत्याच. मी गिरगावच्या चाळीत वाढलेला, दर दिवाळीला कंदील बांधलेला. वाटलं, यात काय शिकायचंय! पहिल्याच दिवशी तीन कामट्या मोडल्या.

पारोल हा नाताळचा कंदील. हे नाव स्पॅनिश ‘फारोल’वरून आलं. 16 ते 24 डिसेंबर असे नऊ दिवस फिलिपिन्समध्ये पहाटेची प्रार्थना असते, तिला सिंबांग गाबी म्हणतात. त्या दिवसांत दारोदारी हे तारे लागतात. खरं तर तिकडे सप्टेंबर उजाडला की नाताळची हवा सुरू होते. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ही प्रार्थना संध्याकाळी होते. रात्रपाळीच्या लोकांना पहाट कुठली परवडणार?

सामान असं: 45 सेंमीच्या दहा पातळ कामट्या, 8 सेंमीच्या पाच जाड काड्या, दोरा, पतंगी कागद आणि खळ. मैद्याची खळ मला फेव्हिकॉलपेक्षा आवडते, कागद आक्रसत नाही. कामट्या सगळ्या सारख्या जाडीच्या घ्या. एक जरी ताठ राहिली तरी तारा तिरळा होतो.

आधी प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून 17 सेंमीवर पेन्सिलीने खूण करा. ही खूण आतेने दाखवली नव्हती. तिचा हात बसलेला आहे, तिला गरज नाही. मला मात्र मोजल्याशिवाय जमेना. कामट्या एकमेकींना इथेच छेदतात. आता पाच कामट्यांचा पाच टोकांचा तारा जुळवा आणि टोकं दोऱ्याने बांधा. छेदांवर कामट्या एक वर, एक खाली अशा विणून घ्या, म्हणजे तारा सपाट राहतो. दुसऱ्या पाचांचा असाच तारा करा.

दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून पाचही टोकं घट्ट बांधा. मग आतल्या पाच छेदांवर, दोन ताऱ्यांच्या मध्ये, एकेक आखूड काडी उभी करून दोन्ही बाजूंनी बांधा. ताऱ्याला पोट येतं ते या काड्यांमुळे. माझ्या कामट्या मोडल्या त्या इथेच, कारण पोट मोठं दिसावं म्हणून मी 12 सेंमीच्या काड्या घातल्या. आते काही बोलली नाही. नव्या कामट्या पुढे सरकवल्या, आणि बांधायला लागली तर नाहीच. तिथे कोणी कोणाचा सांगाडा बांधून देत नाही, सात वर्षांच्या पोरालाही नाही. आमच्या मराठी मंडळाच्या कंदील कार्यशाळेत आईबापच अर्धं काम उरकतात आणि मुलं मोबाइलवर. तुम्ही कार्यशाळा घेणार असाल तर कामट्या कापून, खुणा करून न्या, पण बांधून नेऊ नका.

कागदाचे एकूण 21 तुकडे लागतात: पुढे पाच त्रिकोण आणि मधला पंचकोन, मागे नुसते पाच त्रिकोण, आणि कडेच्या उतारांना दहा निमुळते त्रिकोण. प्रत्येक तुकडा सांगाड्यावर धरून आखा आणि बोटभर जास्त कापा. आधी कडा चिकटवा, मग पुढची बाजू. मागचा पंचकोन उघडाच ठेवा, तिथून दिवा आत जातो. दिवा एलईडीच. पूर्वी आत मेणबत्ती असायची, पण आपल्या लाकडी घरांत तो विचारही नको.

एक टोक वर धरून तारा टांगा. खालच्या दोन टोकांना कागदाच्या लांब शेपट्या लावा. त्यांना ‘बुंतोत’ म्हणतात, म्हणजे शेपूटच. कागद घडी घालून बारीक कातरा, आपल्या झिरमिळ्यांसारखा. श्रीमंती पारोल शिंपल्याच्या पातळ पापुद्र्यांचे असतात, त्यांना कापिस म्हणतात. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी जे शिंपले दिसतात, तेच हे. ते काम घरी करायच्या फंदात पडू नका.

काम संपलं की तळघरात सालाबात मिळतं. आल्याचा गरम काढाच तो, गूळ मात्र बेताचा. एका लोलाने, म्हणजे आजीने, मला सोबत बिबिंका दिली. गोव्याचं बेबिंक समजून चाखली, तर तांदळाच्या पिठाची, वर खारवलेलं अंडं! दुसरा तुकडा मागून घेतला.

पारोल घडी होऊन बसत नाही. नाताळ झाला की शेपट्या काढा आणि तारा पिशवीत घालून छताला टांगून ठेवा. माझा सांगाडा चार वर्षं टिकलाय, कागद दोनदा बदलला.