चिपी ते बिरसी: हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

सिंधुदुर्गातील चिपी आणि गोंदियाजवळील बिरसी हे दोन विमानतळ महाराष्ट्राच्या जवळपास विरुद्ध टोकांना आहेत. त्यांच्यातील अंतर ९४० किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ सव्वा तास, असे उत्तर एखाद्या गणकयंत्राने दिले, तर त्यातील अंतरावर विश्वास ठेवावा, वेळेवर मात्र ठेवू नये.

अंतर घरीही काढता येते. त्यासाठी गावाचे नव्हे, तर विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. चिपी साधारण १६.० उत्तर, ७३.५ पूर्व येथे आहे आणि बिरसी २१.५ उत्तर, ८०.३ पूर्व येथे. म्हणजे अक्षांशांत ५.५ अंशांचा आणि रेखांशांत ६.८ अंशांचा फरक पडतो. अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जावे तसा आखडत जातो आणि या दोहोंच्या मध्यावर, सुमारे पावणेएकोणीस अक्षांशांवर, तो १०५.४ किलोमीटरचा उरतो. त्यामुळे उत्तर-दक्षिण अंतर ६०९ आणि पूर्व-पश्चिम अंतर ७१७ किलोमीटर येते. या दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की ९४० मिळतात. पृथ्वीचा गोलावा इतक्या अंतरात फारसा फरक पाडत नाही. विमाने मात्र ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात, म्हणून यात थोडी भर धरावी.

वेळ काढताना विमान कोणते, हे आधी ठरवावे लागते. छोट्या विमानतळांवर बहुधा दिसणारे पंख्यांचे एटीआर ७२ ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. त्याला हे अंतर कापायला एक तास त्रेपन्न मिनिटे लागतील. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरणे यांसाठी अर्धा तास धरला, तर सुमारे दोन तास पंचवीस मिनिटे होतात. सव्वा तासाचा हिशेब जेट विमानाच्या वेगावर बेतलेला असतो. शिवाय ताशी ५० किलोमीटरचा वारा पाठीशी असला तर दहा मिनिटे वाचतात आणि समोरून आला तर बारा मिनिटे जास्त लागतात.

एवढे करूनही हे गणित कागदावरचेच राहते, कारण या दोन ठिकाणांदरम्यान थेट विमानसेवा नाही. प्रत्यक्षात उत्तर गोव्यातील मोपा विमानतळावरून नागपूरला विमानाने जावे आणि तेथून गोंदियापर्यंतचे १३० किलोमीटर रेल्वेने गाठावेत, हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. चिपी ते मोपा रस्त्याचा प्रवास, विमानतळावरील दोन तास, दीड-पावणेदोन तासांचे उड्डाण, नागपूर स्थानकावरील प्रतीक्षा आणि गाडीचे दोन-अडीच तास मिळून जवळजवळ अख्खा दिवस जातो. थेट किंवा जोडविमान शोधायचेच असेल, तर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलणारी वेळापत्रके पाहावीत. छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उडान योजनेतील मार्गांना मिळणारे अनुदान सर्वसाधारणपणे तीन वर्षांचे असते, म्हणून गेल्या वर्षी असलेली सेवा यंदाही असेल असे गृहीत धरून तिकिटे काढू नयेत.